ब्रेकबाई उतारावर

शहराच्या त्या भागात ज्यांना गाडी चालवता येत होती, त्यांतल्या बहुतेकांना ती ब्रेकबाईंनी शिकवलेली होती. ज्यांना येत नव्हती ते एक तर शाळेत जाणारे होते, नाही तर बाईंच्या पहिल्याच तासाला घाबरून पळालेले. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा उजवा पाय तरुणपणी त्या ब्रेकवर जो बसला, तो केस पिकले तरी उठला नाही. शिकणाऱ्यानं रस्त्याकडेच्या मांजराकडे नुसतं पाहिलं तरी गाडी कचकन थांबायची आणि मग बाईंचं तोंड सुरू व्हायचं. ब्रेकबाई हे नाव कुणी पाडलं कोण जाणे. पण ते कानावर आलं तेव्हा बाईंना राग आला नाही. शिकवणाऱ्याला ब्रेक म्हटलं तर त्यात अपमान कसला, असं त्यांचं म्हणणं. आजवर त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा सापडली नव्हती.

घरात दोनच माणसं होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करायचा. लग्न करून बायको घरी आणली आणि रजा संपताच तो पुन्हा समुद्रावर गेला. मागे राहिल्या सासू आणि सून. सूनबाई उंच, हाडापेरानं मजबूत, फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करणारी. दोघींत भांडण नव्हतं. भांडायला तरी काही बोलावं लागतं. 'चहा ठेवलाय', 'किल्ली घेतलीय', 'दार ओढून घेते' एवढ्यावर दोघींचं वर्ष निघालं होतं.

बाईंना सून वाईट वाटत नव्हती, वेंधळी वाटत होती. घरात तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, कोपर कपाटाला लागायचं, आणि कपांचे कान उडवण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासू समोर आली की ती अंग चोरून उभी राहायची, आणि एवढ्या उंच मुलीनं अंग चोरलं की ती आणखीच बेंगरूळ दिसायची. सकाळी उजाडता उजाडता ती पाठीला मोठी पिशवी लावून बाहेर पडायची. कारखाना लवकर सुरू होत असेल, असं बाई धरून चालल्या होत्या.

आता बाईंच्या धंद्याची गोष्ट. नवशिक्याला एकदम रस्त्यावर नेता येत नाही. बंद पडलेल्या गोदामामागं एक मोठं डांबरी मैदान होतं. तिथं बाई प्लास्टिकचे शंकू मांडायच्या आणि नवे विद्यार्थी गाडी मागे घ्यायला, वळवायला शिकायचे. मैदान त्यांच्या मालकीचं नव्हतं, पण वापरून वापरून त्यांना त्यावर मालकाहून जास्त हक्क वाटायचा. मध्यंतरी डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांनी काही महिने गाडी बंद ठेवली. पुन्हा गेल्या, तर अर्ध्या मैदानाला जाळीचं कुंपण पडलेलं. आत गुळगुळीत काँक्रीट, त्यावर लहानमोठे लाकडी उतार, आणि फाटकावर पाटी, की ही जागा स्केटबोर्ड खेळणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाकाच्या फळीवरून घसरणाऱ्या रिकामटेकड्या पोरांसाठी आपलं मैदान जावं, हे त्यांना सहन होईना. ज्याला ब्रेक नाही ते वाहन नव्हेच, असं त्या रात्री जेवताना त्यांनी सुनेला ऐकवलं. सकाळी जाऊन तिथला जो कोण मुख्य असेल त्याला चांगला फैलावर घेणार आहे, हेही सांगितलं. सूनबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग काहीतरी सांगायचं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात तिच्याच हातून पाण्याचा पेला लवंडला आणि ते सांगणं टेबल पुसण्यात राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी बाई फाटकाशी पोहोचल्या तेव्हा ऊन नुकतंच कुंपणावर आलं होतं. आत काही मुली रांगेनं उभ्या होत्या. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना जाड पट्ट्या. त्यांच्यासमोरून एक उंच आकृती फळीवरून येत होती. एक पाय फळीवर, दुसऱ्यानं जमिनीला एकच लांब रेटा, आणि मग कितीतरी वेळ नुसतं सरकणं. ती उताराशी आली, गुडघे जरासे वाकवले, वर चढली, टोकाशी श्वासभर थांबली आणि वळून खाली आली. कुठं धक्का नाही, कुठं खडखडाट नाही. हात सैल, मान सैल, नजर पुढच्या वळणावर. इतक्या माणसांना चालवायला शिकवलेल्या बाईंना चांगला चालक कळायचा. कोण का असेना ती, पण हिच्या हाती गाडी दिली तर शेजारी बसून झोपता येईल, असं त्यांच्या मनात आलं.

मग तिनं हेल्मेट काढलं. ती त्यांची सून होती.

फैलावर घ्यायचं राहूनच गेलं. बाई जाळीआड उभ्या राहून बघत राहिल्या. सूनबाई एका मुलीचे खांदे धरून सरळ करत होती, दुसरीला लांबून मोठ्यानं सांगत होती, की पायाकडे बघू नकोस, जिथं जायचंय तिथं बघ. असा खणखणीत आवाज या मुलीला आहे हे बाईंना आज कळत होतं. मुली तिला ताई ताई करत होत्या. फाटकाजवळ झाडणाऱ्या रखवालदारानं आपण होऊन माहिती पुरवली, की हे सगळे उतार या ताईंनीच बांधले, सुट्टीच्या दिवशी येऊन, स्वतः रंधा मारून. बाईंनी मान हलवली आणि आल्या पावली परत फिरल्या.

घरी येईपर्यंत राग कुठल्या कुठं गेला होता. एक माणूस वर्षभर आपल्या घरात राहतंय आणि आपण त्याचे फुटके कप बघत बसलो, हे त्यांना लागलं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती कबूल करायला त्यांना दोन दिवस लागले. त्यांना ते करून बघायचं होतं. जन्मभर त्या दुसऱ्याच्या शेजारी बसून फिरल्या होत्या. त्या मुलीसारखं, कुणाला न सांगता, कुणाला न थांबवता सरकत जाणं कसं असेल, हा विचार भाजी चिरतानाही पाठ सोडेना.

सूनबाईचा एक जुना बोर्ड बाहेरच्या कपाटामागं उभा असायचा. एके दिवशी ती कामावर गेल्यावर बाईंनी तो स्वयंपाकघरात आणला, ओट्याला दोन्ही हातांनी धरलं आणि एक पाय वर ठेवला. मग दुसरा ठेवला. फळी पायाखाली जिवंत असल्यासारखी हलली. बाईंना बरं वाटलं. त्यांनी एक हात सोडला, मग धीर करून दुसरा सोडला. पुढचं काही कळायच्या आत फळी भिंतीकडे आणि बाई फ्रीजकडे गेल्या. फ्रीजवरचा डबा खाली आला, डब्यातलं पीठ बाईंच्या डोक्यावर आलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं पुसून, झाडून जागच्या जागी ठेवलं. पण सुतारकाम करणारीच्या नजरेतून भिंतीवरचा ओरखडा सुटत नाही. सूनबाईनं ओरखडा बघितला, चाकात अडकलेलं पीठ बघितलं, आणि सासूच्या कोपरावर उमटत चाललेला काळानिळा डाग बघितला.

"आई, माझा जुना बोर्ड कुणी घेतला होता का?"

"मी घेतला होता," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "उभी राहिले होते त्यावर."

सूनबाई ओरडली नाही, की लागलं का म्हणूनही तिनं विचारलं नाही. "किती वेळ?" एवढंच तिनं विचारलं.

"पडेपर्यंत."

सूनबाई हसली. तोंडावर हात न धरता, मान मागे टाकून हसली, आणि हसता हसता तिचं कोपर मागच्या कपाटाला लागलं. मग बाईही हसल्या. त्या संध्याकाळी मैदानाबद्दलचं सगळं बोलून झालं. सून म्हणाली, सांगणारच होते, पण तुमचं मैदान अर्धं आमच्यामुळे गेलं, मग कुठल्या तोंडानं सांगायचं. बाईंनी तो विषय हातानंच बाजूला सारला आणि उरलेल्या अर्ध्या मैदानात आपलं भागेल असं सांगून टाकलं. शेवटी मुद्द्यावर आल्या.

"मला शिकव. माझ्या गाडीत माझा शब्द शेवटचा असतो. तिथं तुझा असेल."

सूनबाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. चेष्टा नाही हे तिला कळलं. "मग उद्या पँट घाला आणि सपाट तळाचे बूट," ती म्हणाली. "आणि हेल्मेट घातल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही."

पहिल्या दिवशी बाईंना फळीवर उभंही राहू दिलं नाही. आधी तिची ओळख करून दिली. खालच्या लोखंडी दांड्यांना ट्रक म्हणतात हे ऐकून बाई म्हणाल्या, की आयुष्यात ट्रकचं लायसन काढायचं राहिलं होतं ते असं पुढं आलं. मग सूनबाईनं त्यांना सरळ उभं केलं आणि न सांगता मागून हलकेच ढकललं. सासूला ढकलायची परवानगी असलेली जगातली ही एकच जागा दिसते, असं बाई म्हणाल्या. पण त्यात हेतू होता. तोल सावरायला जो पाय पुढं पडतो तो फळीवर पुढं ठेवायचा. बाईंचा डावा पाय पुढं पडला. म्हणजे तुम्ही रेग्युलर, सूनबाई म्हणाली. आणि मी उजवा पाय पुढं ठेवते, त्याला गूफी म्हणतात, म्हणजे वेंधळा.

"तुझं ते मला माहीतच होतं," बाई म्हणाल्या.

चेष्टा तिथंच संपली, कारण पुढं खरं अवघड होतं. पडायला शिकायचं होतं. हात टेकून पडायचं नाही, मनगट मोडतं. अंगाची मोट करून खांद्यावर कलंडायचं. या वयात जमिनीवर लोळण घ्यायला माणसाला लाज वाटते. पलीकडच्या मुली बघत होत्या. त्यांतल्या सर्वांत लहान मुलीनं आजी म्हणून हाक मारली आणि आधी स्वतः लोळून दाखवलं. बाईंनी तिला इथं मला आजी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, अशी ताकीद दिली, आणि मग लोळल्या. उठल्या तेव्हा पाठीला सगळं मैदान लागलेलं होतं.

सपाटीवर उभं राहणं जमलं. डावा पाय फळीवर ठेवून उजव्यानं रेटा देणंही हळूहळू जमलं. घात व्हायचा तो दुसरीकडे. फळी जरा वेगात आली की बाईंचा उजवा पाय त्यांना न विचारता खाली दाबला जायचा. जन्माची सवय. पण उजवा पाय आता फळीच्या वर वळलेल्या मागच्या टोकावर असायचा. तिथं दाबलं की फळीचं तोंड वर उठायचं, फळी पुढं निसटायची आणि बाई मागच्या मागं बसायच्या. एकदा बसल्या, दहादा बसल्या. सूनबाई सांगून थकली, की तिथं ब्रेक नाही. बाईंना ते माहीत होतं. पायाला कोण सांगणार?

एक दिवस अशाच निसटल्या आणि लोळायचं विसरून हात टेकला. मनगट सुजून टम्म झालं. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि वयाची आठवण करून दिली. नेमका त्याच दिवशी जहाजावरून मुलाचा फोन आला. बातमी ऐकून तो बायकोवर घसरला. आईचं वय काय, तिला असल्या नादाला लावायचं काय, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर मी समुद्रावर बसून काय करणार, असं बरंच बोलला. सूनबाई मुकाट ऐकत होती. तिचे खांदे पुन्हा आत गेले होते. ते बघून बाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"तिला काय बोलतोस? मी विचारलं म्हणून ती शिकवतेय," त्या म्हणाल्या. "माझं उतारवय आहे हे मलाही माहितीय. उतारच तर शिकतेय."

तिकडून लाटांचा की यंत्राचा, नुसता घूं घूं आवाज येत राहिला. मग मुलगा हसला आणि म्हणाला, निदान हेल्मेट घाल. घालते, बाई म्हणाल्या, आणि तुझ्या बायकोचे कान आहेत, बोलायचं तर गोड बोल. त्या रात्री पट्टी बदलताना सूनबाईचा हात इतका हलका होता, की कपांचे कान उडवणारे हात ते हेच यावर बाईंचा विश्वास बसेना.

मनगट बरं झालं आणि दोघी पुन्हा मैदानात गेल्या. पण आता सूनबाई घाबरली होती. ती बाईंचे दोन्ही हात धरून शेजारून चालायची. फळी जरा पुढं सरकली की ओढून थांबवायची. बाई पडत नव्हत्या, आणि शिकतही नव्हत्या. मुली दोघींना वळसा घालून सूं सूं निघून जायच्या. काय बिघडलंय ते बाईंना कळत नव्हतं, आणि शिकवणाऱ्याचा शब्द शेवटचा असं आपणच कबूल केलेलं, म्हणून बोलताही येत नव्हतं.

ते कळलं शिंप्यामुळे. बाजाराच्या कोपऱ्यावर ज्यांचं दुकान होतं ते शिंपीदादा बाईंचे सर्वांत जुने विद्यार्थी, म्हणजे सर्वांत जास्त दिवस शिकत असलेले. परीक्षेला बसले की नापास व्हायचे. माणूस हाताचा इतका नाजूक, की मशीनवर टीप केसभर हलू द्यायचा नाही. पण स्टिअरिंगवर बसला की हातापायाला कापरं. कुंपणाअलीकडच्या अर्ध्या मैदानात बाईंनी शंकू मांडले आणि त्यांना गाडी मागे घ्यायला लावली. शंकू अजून लांब होता तरी बाईंनी ब्रेक दाबला. गाडी हिसका खाऊन थांबली. एरवी या जागी बाईंचं तोंड सुरू व्हायचं. आज त्यांना स्वतःच्या हातांवर सुनेच्या बोटांची पकड आठवली, आणि त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसलेल्या बघून शिंपीदादांना धीर आला.

"बाई, एक बोलू का? तुमचा पाय तिथं असला ना, की मला वाटतं गाडी तुम्हीच चालवताय. मी आपला नुसता बसलोय."

बाईंनी दोन्ही पाय उचलून सीटखाली घेतले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, घ्या मागे. शिंपीदादांनी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग आरशात बघितलं. गाडी मुंगीच्या पावलानं मागे निघाली. शंकू जवळ आला. बाईंच्या उजव्या पायात गोळा आला, पण पाय त्यांनी हलू दिला नाही. शंकूपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली, आणि ती शिंपीदादांनी स्वतः थांबवली होती. ते म्हणाले, परत एकदा करू का. तो अख्खा तास त्यांनी गाडी चालवली आणि बाईंनी नुसता वारा खाल्ला. पुढं शिंपीदादा पास झाले आणि बाईंना गाडीच्या सीटसाठी नवे अभ्रे शिवून दिले. पण ती पुढची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईनं हात पुढं केले, तर बाईंनी ते धरले नाहीत.

"मी पडले तर तुला काय वाटेल याची तुला भीती आहे," त्या म्हणाल्या. "मला कळतं ते. मी जन्मभर तेच केलंय. पण हात सोड आता."

"आणि परत पाय दाबलात तर?"

"तर पडेन. लोळायचं तू शिकवलंयस."

सूनबाई गुडघ्यावर बसली आणि बाईंचा उजवा बूट हातात घेऊन तो फळीवरून उचलून जमिनीवर ठेवून दाखवायला लागली. पायाला दाबू नको म्हणून तो ऐकत नाही, तर मग त्याला दुसरं काम देऊ या, ती म्हणाली. तो फळीवर दाबायचा नाही, खाली न्यायचा आणि जमिनीला घासत ठेवायचा. थांबणं तेच, पण हळू. आणि अंगातली सगळी सुतारकी पणाला लावून तिनं त्याला उपमा शोधली: रंध्याचा शेवटचा हात देतो ना, लाकूड कापायचं नसतं, नुसतं गुळगुळीत करायचं असतं, तसं. बाईंनी जन्मात रंधा धरला नव्हता. तरी ते त्यांच्या पायाला कळलं. सकाळभर त्या सपाटीवर नुसतं थांबायला शिकल्या. रेटा, सरकणं, बूट खाली, खर्रर्र, थांबा. बुटाचा तळ झिजला, पण त्या बसल्या नाहीत. एकदाही नाही.

मग आला उतार. मैदानात सूनबाईनं बांधलेल्या उतारांत तो सर्वांत लहान, गुडघ्याएवढा. मुली त्याला उतार म्हणायच्याच नाहीत, पायरी म्हणायच्या. वरून बघितल्यावर मात्र बाईंना तो दरीसारखा दिसला. फळी टोकाशी ठेवून त्या उभ्या राहिल्या. सूनबाई खाली जाऊन बाजूला उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. ते हात पुढं येऊ नयेत म्हणून ती किती जोर लावतेय, ते बाईंना वरून दिसत होतं. त्यांना वाटलं, आज उतरायचं ते हिच्यासाठी तरी उतरायचं. आणि लगेच वाटलं, छे, आपल्यासाठी.

"कुठं बघायचं?" सूनबाईनं खालून विचारलं.

"जिथं जायचंय तिथं."

बाईंनी गुडघे वाकवले आणि वजन पुढच्या पायावर दिलं. मागं ओढून घ्यायचा जो मोह झाला, त्याला त्यांनी भीक घातली नाही. फळी निघाली. पोट वर राहिलं आणि बाई खाली आल्या. वारा कानांत शिरला, चाकांचा सूर पातळ झाला, लाकडावरून काँक्रीटवर येताना टक् असा आवाज झाला आणि त्या अजून उभ्याच होत्या. उजवा पाय एकदा चुळबुळला. पण दाबला गेला नाही. फळी सूनबाईला ओलांडून गेली, मुलींना ओलांडून गेली, गोदामाच्या सावलीत शिरली आणि पलीकडे उन्हात आली. गाडीत बसून याच्या कितीतरी पट वेगानं त्या रोज जायच्या, पण हा वेग त्यांचा होता. कुंपण जवळ आल्यावर त्यांनी बूट खाली टेकवला, आणि खर्रर्र करत त्या थांबल्या.

बाईंनी वळून बघितलं. सूनबाई होती तिथंच उभी होती, हात अजून पाठीमागं अडकवलेले, पण खांदे सरळ, मान ताठ, पुरेपूर उंच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा तिनं काही प्रयत्न केला नाही. मग मुलींनी फळ्या जमिनीवर आपटून जो कल्ला केला, त्यानं गोदामावरची कबुतरं उडाली. लहान मुलगी धावत आली आणि म्हणाली, बाई, आता आजी म्हणू का? बाईंनी परवानगी दिली.

फाटकाशी एक आई आपल्या मुलीला घेऊन चौकशीला आली होती. तिनं सगळं बघितलं होतं. या वयात कुणी शिकवलं हो तुम्हाला, असं तिनं विचारलं. बाईंनी हेल्मेट काढलं, घामानं चिकटलेले पांढरे केस मागे सारले आणि हात करून दाखवलं.

"ती उंच दिसतेय ना, ती. माझी सून आहे. हे उतारसुद्धा तिनंच बांधलेत." आणि एवढ्यानं समाधान होईना म्हणून त्यांनी पुढं सांगितलं, "सगळं स्वतः रंधा मारून."

त्या दिवशी संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या. मांड्या भरून आल्या होत्या, चालताना प्रत्येक पावलाला तोंडातून हूं निघत होतं. सूनबाई आतल्या खोलीत माहेरी आपल्या आईशी फोनवर बोलत होती. बाईंना दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकायची सवय नव्हती, पण तो मैदानातला खणखणीत आवाज होता. दार लावलं असतं तरी तो ऐकू आला असता.

"अगं, आमच्या आई उतरल्या आज," ती सांगत होती. "नाही, मी नव्हतं धरलं. कुणी नव्हतं धरलं. एकट्या उतरल्या आणि थांबल्या पण एकट्या. तू बघायला हवं होतंस." मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती म्हणाली, "घाबरल्या असतील की. पण आमच्या आईंचं ना, एकदा मनात घेतलं की घेतलं."

चहा उकळून वर आला होता. बाईंनी गॅस बारीक केला, बंद केला नाही. सूनबाईनं उताराची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली होती. या वेळी उतार थोडा मोठा झाला होता, आणि बाईंना तो दुरुस्त करावासा वाटला नाही. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि चहाला आणखी थोडं उकळू दिलं.